हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येतोय, विंडोज फॉरमॅट करायला सांगतंय. दहा वर्षांच्या जेकार्ड डिझाइनच्या फाइली परत मिळतील का?

ताई, आधी तो कॉम्प्युटर बंद करा. फॉरमॅटला ‘होय’ म्हणू नका. पुढचं मोबाइलवर वाचा.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिझाइनचं काम बघतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. दुपारी लाइट गेली, परत आली, आणि विंडोजने चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा त्याचा प्रोग्राम, सुरू केलं. मी ते रात्रभर चालू दिलं. सकाळी डिस्क दिसतच नव्हती. चेकडिस्क फाइलींचा हिशेब जुळवतं, त्यासाठी त्याच आजारी डिस्कवर लिहितं, जुळत नसलेल्या नोंदी काढून टाकतं. शिवाय डिस्क रात्रभर राबते. तिच्यात जेवढा जीव उरलाय तो फक्त कॉपीसाठी वापरायचा, दुरुस्ती नंतर.

टक-टक बहुधा हेडची, म्हणजे डिस्कच्या आतल्या फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या भागाची असते. तबकडीवरची खूण सापडली नाही की हेड मागे येतो, पुन्हा जातो. आवाज सतत असेल आणि बायोसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्क दिसत नसेल, तर कोणतंही सॉफ्टवेअर लावू नका. ते काम पुण्या-मुंबईच्या डेटा परत मिळवणाऱ्या लॅबचं. इथे कुणालाही डिस्क उघडू देऊ नका. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतो, आणि आपल्या गावात तर हवेतच कापसाचे तंतू.

डिस्क दिसत असेल तर आधी साटा केबल, म्हणजे डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी डेटाची वायर, बदला. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या ओळी बघा. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. तिथले आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले असतात, १० दिसलं तर ते १६. फक्त सी७ (डेटा ये-जा करतानाच्या चुका) वाढत असेल तर दोष बहुतेक केबलचाच.

ओढून-टाकून कॉपी करू नका, विंडोज खराब जागी अडकून बसतं. तेवढ्याच किंवा मोठ्या नव्या डिस्कवर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, करा. ते आधी चांगला भाग उचलतं, अवघड जागा शेवटी घेतं. त्याची मॅप फाइल, म्हणजे कुठवर कॉपी झालं याची नोंद, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइट गेली तरी काम थांबलं तिथून पुढे चालू होतं. सोलापुरात हे फार उपयोगाचं आहे. डिस्कसमोर टेबल फॅन लावा. आणि जुनी कुठली, नवी कुठली हे दोनदा तपासा, उलट झालं तर सगळं पुसलं जाईल.

नंतरचे सगळे प्रयोग क्लोनवर. फाइली परत काढायला आधी टेस्टडिस्क हा प्रोग्राम, कारण त्यात फाइलींची नावं टिकतात. फोटोरेक हा दुसरा प्रोग्राम नावं गमावतो आणि ओळखीच्याच प्रकारच्या फाइली शोधतो. बीएमपी चित्रं मिळतील, पण जेकार्ड सॉफ्टवेअरच्या खास फाइली त्याला कळतीलच असं नाही.

डिस्क पुन्हा जोडण्याआधी एवढं कळवा: आवाज सतत येत होता की अधूनमधून, आणि ती डेस्कटॉपच्या आत बसवलेली आहे की यूएसबीची?