मुलीची मूळ प्रमाणपत्रं आधी परत आणा

ऐरोलीहून एका वडिलांनी पत्र लिहिलं आहे. मुलगी एम.एस्सी. (गणित), बी.एड.; कोपरखैरण्याच्या एका खासगी शाळेत तीन वर्षं शिकवते, पगार १९ हजार. वाशीतल्या एका एजंटने दुबईत शिक्षिकेची नोकरी लावून देतो म्हणून अटेस्टेशन (प्रमाणपत्रं खरी असल्याचे सरकारी शिक्के) आणि व्हिसाचे मिळून १ लाख ८० हजार मागितले आहेत. मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट त्याच्याकडे देऊन झाले आहेत. वडिलांचा प्रश्न: अटेस्टेशन लवकर कसं उरकेल?

नमस्कार.

तुमच्या पत्रात घणसोलीच्या फ्लॅटचे हप्ते आहेत, धाकट्याची इंजिनिअरिंगची फी आहे, दुबईत असलेल्या भाच्याचा पगार आहे. मुलीच्या मनाबद्दल मात्र एकच वाक्य आहे: "ती सध्या नाही म्हणते, पण एकदा गेली की रुळेल." हे वाक्य वाचून मला काळजी वाटली. अटेस्टेशनचं नंतर बघू.

तीन वर्षं नववी-दहावीच्या वर्गांवर गणित शिकवणारी मुलगी नाही म्हणते, तर काहीतरी कारण असणारच. शिकवणं सोडायचं असेल, एकटीने राहायची भीती असेल, कुणाशी लग्नाचं ठरलं असेल, किंवा त्या एजंटवर तिचा विश्वास बसत नसेल. तुम्ही तिला विचारल्याचं पत्रात कुठेच दिसत नाही. फ्लॅट तुम्ही घेतलात, कर्जावर सही तुमची आहे. त्याचे हप्ते तिच्या दिरहॅममधल्या पगारातून फिटतील असा हिशेब तिला न विचारता मांडणं चूक आहे. तुम्ही वाईट वडील आहात असं मला अजिबात म्हणायचं नाही. हप्त्यांनी माणूस बेजार होतो, हे कळतं. पण परक्या देशात, परक्या वर्गासमोर रोज सकाळी तिलाच उभं राहायचं आहे.

आता एजंटबद्दल. परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. त्याचं नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत आहे का, ते आजच बघा. नोंदणी असली तरी त्याला सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी, एवढंच घेता येतं. "आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ द्या, तिकडे नोकरीचा व्हिसा करून देतो" असं तो म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय. व्हिजिट व्हिसावर पगारी काम करणं यूएईत बेकायदा आहे. शिवाय तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, कर्मचाऱ्याकडून वसूल करायचा नसतो. खरोखर शिक्षिका हवी असलेली शाळा मुलाखत घेते, लेखी ऑफर देते आणि व्हिसाची प्रक्रिया स्वतः सुरू करते. तुमच्या पत्रात कुठल्याही शाळेचं नाव नाही.

एक गैरसमज मात्र नीट दूर करायला हवा, कारण एजंट त्याच्यावरच पैसे कमावतात. अटेस्टेशन झालं म्हणजे मुलगी तिकडे शिकवायला पात्र ठरली, असं तुम्ही धरून चाललात. तसं नाही. पदवीवरची सही आणि शिक्का खरा आहे, इतकंच त्यातून सिद्ध होतं. शिकवायला पात्र आहे की नाही, ते दुबईत केएचडीए, अबू धाबीत एडेक अशा तिथल्या यंत्रणा ठरवतात. आणि देश ठरल्याशिवाय अटेस्टेशनला हात घालता येत नाही. अपोस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा एकच शिक्का. भारत २००५ पासून त्या करारात आहे, ओमानही आहे. तिथे जायचं तर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल चालतं. यूएई त्या करारात नाही. म्हणून आधी राज्याचा उच्च व तंत्र शिक्षण विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं, अशी रांग लागते. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, साध्या अटेस्टेशनला आपलं परराष्ट्र मंत्रालय फी घेत नाही. कागद स्वीकारणाऱ्या अधिकृत संस्थेचं शुल्क वेगळं, आणि वकिलातीची फी बरीच मोठी असते. तरी एवढ्या सगळ्यातून पावणेदोन लाखांच्या वर आकडा कसा गेला, ते त्याच्याकडून पावतीवार लिहून घ्या.

तुम्ही सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट करून ठेवली आहेत. आपल्याकडे घरोघरी हेच करतात, पण शिक्का पदवीच्या पाठीमागे मारायचा असतो आणि प्लास्टिकवर तो उमटत नाही. घरी इस्त्री फिरवून लॅमिनेशन काढू नका, शाई प्लास्टिकबरोबर निघून येते. विद्यापीठाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. दुसरं, पदवीवर तुमच्या नावापुढे 'राव' आहे आणि पासपोर्टवर नाही. हा फरक अटेस्टेशनच्या आधी मिटवा. पुढे कुठल्याही देशाच्या खिडकीवर तो आडवा येणार.

इथल्याच सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षिका व्हायचं तर सीटीईटी, टीईटी, अभियोग्यता चाचणी या परीक्षा आणि भरतीचं पवित्र पोर्टल ही वाट तिला माहीत असेलच. बाहेर जायची तिची स्वतःची इच्छा असेल तर दुबईच कशाला? फेब्रुवारी २०२३ पासून भारतीय शिक्षकांना इंग्लंडमधल्या क्यूटीएस या शिक्षक-पात्रतेसाठी थेट अर्ज करता येतो, आणि ज्या विषयांना ही सोय आहे त्यांत गणित आहे. त्यासाठी बी.एड. आणि अनुभव लागतो. दोन्ही तिच्याकडे आहेत.

उद्या वाशीला मुलीला बरोबर घेऊन जा. पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रं पोच देऊन तिच्या हातात घ्या. एजंटने टाळाटाळ केली तर पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे हे त्याला सांगा आणि सरळ पोलीस ठाण्यात अर्ज द्या. पुढचं पत्र तिने लिहावं. कुठल्या इयत्तांना शिकवायला आवडतं, बाहेर राहायची तयारी आहे का, असल्यास किती वर्षं, आणि सध्याच्या शाळेत नेमकं काय खटकतं, एवढं तिने कळवलं की पुढचं मी तिच्याशीच बोलेन.