जलकर ठरलेला, मग पैसे जातात कुठं?

प्रश्न : काका, आम्ही सुदामानगरला राहतो. खाली आम्ही, वर दोन भाडेकरू. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, बाकी बोरिंगवर चालतं. हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटर आहे. तिला मागच्या दिवाळीत ऑटोमॅटिक स्विच बसवला, तेव्हापासून खाली-वर करायची कटकट मिटली. पण विजेचं बिल वाढलंय, आणि मे महिन्यात बोरिंग आटलं की टँकर मागवावे लागतात. प्लंबर म्हणतो, ‘आंटीजी, सब पुराना हो गया, पूरी फिटिंग बदलवा लो.’ पाण्यावरचा खर्च कमी करायचा तर नेमकं काय बदलू?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : ताई, प्लंबरला इतक्यात हो म्हणू नका.

जलकराची तुमची रक्कम ठरलेली असणार. बादलीभर वापरा की हौदभर, पावती तीच. त्यामुळे पावतीकडं बघून गळती कळायची नाही. तुमचं खरं पाणीबिल येतं ते वीज आणि टँकर या दोन नावांनी. नगरनिगमचं दुखणंही तेच आहे म्हणा! जलूदला नर्मदेतून उचललेलं पाणी सत्तरेक किलोमीटर, तेही विंध्याचा चढ चढवून आणायचं, म्हणजे विजेचा खर्च केवढा. तो आवाक्यात आणायला निगमनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले आणि ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. तुम्हाला एवढं काही करायचं नाही.

माझा संशय आहे तुमच्या त्या ऑटोमॅटिक स्विचवर. वस्तू चांगली, पण ती गळती झाकते. पूर्वी टाकी लवकर संपली की तुम्ही चिडत होता, बटण दाबायला खाली येत होता. निदान कळत तरी होतं. आता पहाटे तीनला मोटर आपली आपण सुरू होते, आपली आपण बंद होते. १ अश्वशक्तीची मोटर तासाला साधारण १ युनिट घेते, आणि ती कुणासाठी चालली हे मीटरला विचारायची सोय नाही.

तेव्हा असं करा. रात्री सगळे निजले की स्विच मॅन्युअलवर टाका, गच्चीवर जा आणि टाकीत काठी बुडवून पाण्याच्या पातळीची खूण करा. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. साडेतीन फूट व्यासाच्या उभ्या टाकीत पातळी १ सेंटीमीटर उतरली म्हणजे ९ लिटर गेले. दुसऱ्या रात्री टाकीखालचा फ्लशच्या लाइनचा वॉल्व्ह बंद करून हेच करा. पातळी जागेवर राहिली तर चोर फ्लशमध्ये आहे. भाडेकरूंना आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री आरडाओरडा व्हायचा.

फ्लश कुठला, हे शोधायला कपड्यांची नीळ पुरते. तिन्ही घरांत फ्लशच्या टाकीत चार थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं उतरलं की सापडला. मग झाकण काढून आत बघा. पाणी मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत आलेलं असेल तर पाणी आत सोडणारा वॉल्व्ह थांबत नाहीये. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा फुगा, बोटभर खाली घ्या. पाणी नळीच्या बरंच खाली असूनही निळं उतरत असेल तर तळाचं रबर गेलंय. आपल्या माळव्यात काळ्या पाषाणातलं बोरिंगचं पाणी जड, त्यामुळे रबर बसतं त्या कडेवर पांढरे पापुद्रे धरतात आणि नवं रबरही नीट बसत नाही. ती कड आधी जुन्या टूथब्रशनं घासून घ्या, मग रबर बदला. जुनं रबर पिशवीत घालून सियागंजाच्या बाजारात न्या आणि मापाला माप लावून घ्या. अंदाजानं आणलेलं रबर महिन्यात पुन्हा गळतं.

टपकणाऱ्या नळाला कमी लेखू नका. खाली पेला ठेवा. २०० मिलीचा पेला १० मिनिटांत भरला, तर दिवसाला २९ लिटर गेले. हौदात नर्मदेचं पाणी पडतं तिथला फ्लोट वॉल्व्हही तपासा, नाहीतर नळाच्या दिवशी आलेलं पाणी गटारात आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही बोरिंगवर.

हे सगळं झाल्यावरच खरेदी. जुनी एका बटणाची फ्लश टाकी १० लिटर किंवा जास्त ओतते. दोन बटणांची ३ आणि ६ लिटरवर भागवते. भाडेकरूंची दोन घरं धरली तर इथं फरक मोठा पडेल. स्वयंपाकघरातल्या नळाला जाळीचा एरेटर लावा, धार भरल्यासारखी वाटते आणि पाणी निम्म्याच्या आसपास येतं. जाळी क्षारानं बुजली की लिंबाच्या रसात भिजवा. लोखंडी पाइप गंजून तांबडं पाणी येत असेल तर लाइन बदलावीच लागेल, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

आणि कुणी नर्मदेच्या लाइनला थेट मोटर जोडायचं सुचवलं तर ऐकू नका. ओढ लागली की फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत येते, शेजाऱ्याचं पाणी पळतं ते वेगळंच.

प्रश्न : गच्चीवर सोलर गीझर आहे. न्हाणीघर तळमजल्यावर. गरम पाणी यायच्या आत किती तरी गार पाणी वाया जातं. उपाय?
(एक वाचक, राजवाड्याजवळून)

उत्तर : पाऊण इंची पाइप २० मीटर असेल तर त्यात पाच-सहा लिटर पाणी उभं असतं, ते आधी बाहेर येणारच. आंघोळी लागोपाठ करा म्हणजे ते एकदाच सोडावं लागेल, आणि ते बादलीत धरून त्यातच गरम मिसळा. पाइपला फोमचं आवरण घाला. उन्हात पडणाऱ्या भागाला वरून टेप गुंडाळा, नाहीतर फोम वर्षाभरात चुरा होतो. पुढं कधी न्हाणीघर नव्यानं कराल तेव्हा गरम पाण्याची लाइन अर्धा इंची आणि सरळ उतरवून घ्या.