‘अशक्तपणा’ या शब्दाआड

प्रश्न : माझे वय ५२ असून मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. आठ वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत. गेल्या दीड वर्षापासून पत्नीशी संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही, आणि हल्ली मी पेपर तपासण्याचे निमित्त करून रात्री उशिरापर्यंत बाहेरच्या खोलीतच बसून राहतो. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जातो; पण त्यांचा कंपाउंडर आमच्याच आळीतला आहे आणि तपासणीच्या खोलीचे दार बहुधा उघडेच असते. दोनदा धीर केला, तेव्हा ‘अशक्तपणा वाटतो’ एवढेच तोंडून निघाले आणि टॉनिकची बाटली घेऊन परत आलो. एसटी स्टँडवरच्या जाहिरातीतील नंबरावरून एक चूर्णही मागवले आहे. काय करावे?

उत्तर : आपण डॉक्टरांना ‘अशक्तपणा’ सांगितलात आणि त्यांनी अशक्तपणाचेच औषध दिले, यात दोघांचीही चूक थोडी थोडी आहे. मधुमेहाच्या रुग्णाची पावले आणि डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी हा प्रश्न आपणहून विचारायला हवा. परंतु तो विचारताना आमच्यापैकी अनेकांची जीभ आपल्यासारखीच अडखळते, हे मी कबूल करतो.

ताठरता म्हणजे शिश्नात रक्त भरणे आणि काही काळ ते तेथेच राहणे. त्यासाठी रक्तवाहिन्या सैल पडाव्या लागतात आणि मज्जातंतूंनी तसा निरोप पोहोचवावा लागतो. वर्षानुवर्षे वाढलेली साखर नेमक्या याच दोन गोष्टी बिघडवते, त्यामुळे आपली तक्रार ही पुरुषत्वाची परीक्षा नसून मधुमेहाचाच एक भाग आहे. शिवाय शिश्नाच्या धमन्या साधारण एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या असतात. म्हणून धमन्या अरुंद होऊ लागल्या की खूण बऱ्याचदा आधी खाली दिसते आणि छातीतली तक्रार काही वर्षांनी येते. लाजेपोटी घालवलेले दीड वर्ष मला खटकते ते या कारणासाठी. मन उदास असणे, तंबाखू, दारू आणि रक्तदाबाची काही औषधे यांचाही वाटा असू शकतो. मात्र चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

आता तोंड उघडण्याविषयी. पुढच्या वेळी जाताना एका कागदावर एवढेच वाक्य लिहून न्यावे : ‘दीड वर्षापासून संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही, याचा शुगरशी संबंध आहे का?’ वाचून दाखवता आले नाही, तर साखरेच्या रिपोर्टाबरोबर तो कागद टेबलावर ठेवावा. त्याआधी ‘जरा दार लावता का, खाजगी बोलायचे आहे’ असे म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणे हे डॉक्टरांवर बंधन आहे. तरीही कंपाउंडरची धास्ती जात नसेल, तर खुशाल साताऱ्याला किंवा पुण्याला मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे; त्यात कसला कमीपणा आहे? डॉक्टर आपल्याला विचारतील की पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का. हा प्रश्न आगाऊपणाचा नाही, कारण ती असेल तर मनाचा भाग अधिक आणि नसेल तर शरीराचा अधिक, असा प्राथमिक अंदाज त्यावरून बांधता येतो. पुढे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सकाळच्या वेळचे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आणि गरज वाटल्यास हृदयाची तपासणी होईल.

ताठरतेसाठी दिल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांचा बऱ्याच रुग्णांना उपयोग होतो; पण छातीतल्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट गटातील अन्य औषध घेणाऱ्याने त्या घेतल्यास रक्तदाब जिवावर बेतण्याइतका उतरू शकतो. म्हणून त्या दुकानातून परस्पर आणू नयेत.

कोणी अशा गोष्टी चारचौघांत विचारतो का, असे आपल्याला वाटत असेल. मराठीत त्या छापील विचारल्या गेल्या आहेत. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, तेव्हा वाचक त्यांना याहून नाजूक प्रश्न पाठवीत. त्या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. आपल्याला तर केवळ दार लावून घ्यायचे आहे.

पत्नीला मात्र डॉक्टरांच्याही आधी सांगावे. आपण बाहेरच्या खोलीत का बसता, याचे काही ना काही कारण त्यांनी मनाशी ठरवलेले असेलच, आणि ते बहुधा स्वतःला दोष देणारे असेल. त्यांची तयारी असल्यास दवाखान्यात दोघांनी मिळून जावे.

ते चूर्ण आजपासून बंद करा, पण फेकू नका. अशा काही औषधांत वेष्टनावर न लिहिलेले सिल्डेनाफिल आढळले आहे. म्हणून डबी त्या कागदाबरोबरच डॉक्टरांसमोर ठेवा.