कोपऱ्यातल्या खिडक्या आणि लाकडी ब्लाइंड्स

प्रश्न : हॉलच्या पश्चिम आणि दक्षिण भिंतींतल्या खिडक्या कोपऱ्यात भिडतात. दोन इंची लाकडी पट्ट्यांचे ब्लाइंड्स दोन्हीकडे थेट कोपऱ्यापर्यंत घेतले, तर ते एकमेकांत अडकतात. मिस्त्री म्हणतो, पट्ट्या कापून टाकू. कापाव्यात का?
(विश्रामबाग, सांगली)

उत्तर : कापा, पण एकाच ब्लाइंडच्या. कोपरा दोघांना मिळत नाही, कुणाला तरी मागे सरावंच लागतं. तुमच्याकडे पश्चिमेचा ब्लाइंड पूर्ण कोपऱ्यापर्यंत जाऊ द्या. सांगलीत मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही. घर तापतं ते पश्चिमेने. तिथल्या कडेला फट राहिली, तर चार वाजता उन्हाची तिरीप सोफ्यावर येणारच.

दक्षिणेचा ब्लाइंड मग किती अलीकडे थांबवायचा? पश्चिमेच्या ब्लाइंडची वरची पेटी आणि पुढची शोभेची पट्टी मिळून भिंतीपासून जेवढी पुढे येते तेवढा, आणि वर चार सूत, म्हणजे अर्धा इंच. बहुधा तीन इंचांच्या आसपास जातं. पण कॅटलॉगवर विसंबू नका, पेटी हातात घेऊन मोजा. गुण्याही लावून बघा. गिलाव्याचा कोपरा क्वचितच काटकोनात असतो, आणि वर बसलेला ब्लाइंड खाली घासतो तो त्यामुळेच.

कापायच्या आधी एक गोष्ट नक्की पाहा. दोऱ्या आणि पट्ट्या फिरवायची काडी कोपऱ्याच्या विरुद्ध टोकाला आहे ना? तसं असेल तर कोपऱ्याकडचं टोक पेटीसकट कापता येतं, फक्त पट्ट्या तोलणाऱ्या शिडीच्या दोऱ्यांना धक्का लावू नका. यंत्रणाच कोपऱ्यात असेल, तर कापाकापी न करता तो ब्लाइंड बदलून घ्या. तिथे हात घालून रोज दोरी ओढणं म्हणजे जाच आहे.

प्रश्न : शेजारी शेजारी तीन खिडक्या, मिळून साडेनऊ फूट. एकच सलग ब्लाइंड घ्यावा का?
(गोडोली, सातारा)

उत्तर : नको. एवढ्या रुंदीचा लाकडी ब्लाइंड फार जड होतो, उचलताना खांदा भरून येतो आणि पेटीला मधे झोळ पडतो. तीन घ्या, जोड बरोबर मधल्या खांबांवर आणा. तिन्हींची उंची एकच सांगा, पेट्या पाण्याच्या नळीने एका पातळीत लावा, म्हणजे पट्ट्यांच्या रेषा सलग दिसतील. ऑर्डरही एकदमच द्या. मागाहून आणलेल्या लाकडाचा रंग जुळत नाही. शिवाय सकाळी मधला उघडून कडेचे दोन बंद ठेवता येतात, ही सोय मला स्वतःला फार आवडते.

प्रश्न : घर नदीकाठी आहे, पावसाळ्यात भिंती ओलावतात. लाकूड टिकेल का?
(हरिपूर, सांगली)

उत्तर : पीव्हीसी घ्या. ओल्या हवेत लाकडी पट्ट्या वाकतात, आणि एकदा वाकलेली पट्टी सरळ होत नाही. पश्चिमेला मात्र काचेपासून जरा लांब लावा, हलकं पीव्हीसी तापून मऊ पडतं.

प्रश्न : घरात दीड वर्षाची नात आहे. दोऱ्यांची भीती वाटते.
(शाहूपुरी, सातारा)

उत्तर : भीती रास्त आहे, गळ्याला फास बसू शकतो. बिनदोरीचा ब्लाइंडच घ्या. तोवर दोरी तिचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर खुंटीला गुंडाळा, आणि पाळणा, खुर्ची, दिवाण खिडकीपासून आजच सरकवा.