आजींचा प्रश्न, लाइनमनचे पाय

प्रश्न : डेट्रॉईटजवळ लेकीकडे आले आहे. रविवारी लायन्सचा, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, सामना लागला की जावई आणि त्याचे मित्र एका नवख्या लाइनमनवरून भांडतात. चेंडूला हातही न लावणाऱ्या पोरावर एवढा वाद कशाला?

उत्तर : आजी, लाइनमन म्हणजे क्वार्टरबॅकचा, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, पहारेकरी. चुकला तरच दिसतो, म्हणून शिव्याही त्यालाच! एक जुनं उदाहरण सांगतो. २०२१मध्ये लायन्सने कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) सातव्या क्रमांकावर पेनेई सूएल या लाइनमनला घेतलं. कॉलेजात तो डावीकडे खेळायचा, त्यात आदलं वर्ष कोविडमुळे मैदानाबाहेर. इथे त्याला उजवीकडे उभा केला. म्हणजे सगळी पावलं उलटी. डाव्या हाताने भाकरी थापून बघा! सराव सामन्यांत अडखळला तेव्हा लोक चिडले, मीही चिडलो. २०२३मध्ये तोच ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात आला. जावयाला म्हणावं, येत्या रविवारी चेंडू सोड, त्या नवख्या पोराचे पाय बघ.