वर्षानुवर्षं मंडळीत (चर्चमध्ये) सेवा करूनही कोणी दखल घेत नाही याचं वाईट वाटतं. माझ्यात नम्रता कमी आहे का?

तुम्ही लिहिलंय की प्रभुभोजनाची (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची) तयारी आणि नंतरची आवराआवर बरीच वर्षं तुम्ही एकट्याने करता. मंडळीच्या वर्धापनदिनी सगळ्यांचे आभार मानले गेले आणि नेमकं तुमचं नाव राहून गेलं. त्याचं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आता अपराधीही वाटतंय.

या अपराधीपणाचं ओझं आधी खाली ठेवा. दुखावलं जाणं वेगळं आणि मानाची हाव वेगळी. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दोन गोष्टी अगदी पाठोपाठ येतात. आधी प्रभू येशू शिष्यांना सांगतो, सगळी कामं उरकल्यावरही म्हणा की आम्ही दास आहोत, आमचं कर्तव्य तेवढं केलं. ही दासाची गोष्ट नम्रतेवरच्या उपदेशात हमखास येते. पण लगेच पुढे तो दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो, देवाचं गौरव करत त्यांच्यातला एकटा शोमरोनी (यहूदी ज्यांना परके मानत त्या लोकांतला) परत येतो, आणि येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत? म्हणजे जो सेवा करतो त्याने आभारांची वाट पाहत बसू नये, आणि ज्याची सेवा होते त्याने आभार मानायला विसरू नये. आपल्या मंडळ्यांमध्ये पहिला भाग पाठ असतो आणि दुसरा राहून जातो, असं मला मनापासून वाटतं. प्रेषित पौलाचं तसं नव्हतं. रोमच्या विश्वासणाऱ्यांना त्याने लिहिलेल्या, रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय उघडून बघा. किंख्रिया मंडळीची सेविका फीबी, प्रभूमध्ये श्रम करणाऱ्या त्रुफैना आणि त्रुफोसा, पर्सिस, अशी नावांमागून नावं तो आठवणीने घेतो. पत्र हाताने लिहून काढणारा तर्तियससुद्धा त्यात आपला सलाम सांगतो.

मग मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाचं काय? तिथे दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकच इशारा आहे: लोकांनी पाहावं म्हणून करू नका, तसं करणाऱ्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. गंमत नव्हे, पण खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याच्या एकच अध्याय आधी तोच प्रभू म्हणतो की तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या, म्हणजे ते तुमच्या स्वर्गातील पित्याचं गौरव करतील. यात विरोध नाही. काम दिसलं की लपलं याने फरक पडत नाही. पाहणाऱ्याची नजर कोणाकडे जावी अशी आपली इच्छा आहे, याने पडतो. लपून केलेल्या सेवेचाही अभिमान चढतो. 'मी कधी पुढे पुढे करत नाही' हे वाक्य फार वेळा मनात यायला लागलं, तर तिथे सांभाळायला हवं.

प्रभुभोजनानंतरचे ते छोटे पेले मीही धुते. तळाशी द्राक्षरसाचं जांभळं कडं सुकलेलं असतं, नुसतं विसळून जात नाही, एकेका पेल्यात बोट घालून घासावं लागतं. तोवर बाहेरच्या गप्पा संपून लोक घरीही गेलेले असतात. अशा वेळी मला योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आठवतो. येशूने बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुतले. त्यात येशूला पुढे शत्रूंच्या हाती देणाऱ्या यहूदाचेही पाय होते, आणि तो काय करणार हे येशूला ठाऊक होतं. पेत्र तर धुऊ द्यायलाच तयार नव्हता. तरी येशू थांबला नाही, कारण आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो हे त्याला पक्कं माहीत होतं. योहानाने हे पाय धुण्याच्या आधी मुद्दाम लिहून ठेवलंय. माझ्या मते नम्रतेचं मूळ इथे आहे. आपण पित्याचे आहोत याची खात्री असली की कोणी नाव घेतलं नाही म्हणून आपलं काही कमी होत नाही. दुखतं, पण कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. नम्रतेच्या नावाखाली एकाच माणसावर सगळं काम टाकून ठेवायचं, आणि तो दमला की त्याला 'सेवाभाव' आठवून द्यायचा, हे चुकीचं आहे. प्रभू स्वतः लोकांची गर्दी मागे ठेवून एकांतात प्रार्थनेला जात असे. 'या महिन्यात मला जमणार नाही' असं म्हणण्याने तुमची सेवा उणी होत नाही.

तेव्हा मंडळीच्या पाळकांशी (धर्मगुरूंशी) बोला. नाव राहिलं त्याचं वाईट वाटलं हे सरळ सांगा, त्यात कुरकुर नाही. मनात साठवून ठेवलंत तर त्याची कुरकुर होईल. आणि मदतीला आणखी एकदोघं मागून घ्या, शक्यतो तरुणांपैकी. त्यांनी पहिल्यांदा पेले धुतले की त्यांचे आभार तुम्ही माना, नाव घेऊन, चारचौघांत.