एसएफटीपीच्या युजरला त्याच्याच फोल्डरात ठेवायचंय, पण क्रूट लावलं की लॉगिनच होत नाही

तुमचं म्हणणं असं: चार जण एसएफटीपीने (सर्व्हरवर सुरक्षितपणे फाइली पाठवायची पद्धत) फाइली चढवतात, एकाला दुसऱ्याचं काही दिसू नये म्हणून तुम्ही क्रूटडिरेक्टरी (युजरला एकाच फोल्डरात कोंडणारी, म्हणजे 'क्रूट' करणारी सेटिंग) लावलीत, आणि आता पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शन तुटतं. वैतागून होमला, म्हणजे युजरच्या स्वतःच्या फोल्डराला, ७७७ (कुणालाही लिहायची मुभा) दिलंत, तरी तेच.

ते ७७७ आधी काढा. दुखणं मालकी आणि परवानग्यांतच आहे.

ओपनएसएसएचचा (एसएफटीपी चालवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) नियम जरा उफराटा आहे. ज्या फोल्डरात युजरला कोंडायचं, ते त्याच्या मालकीचं चालत नाही. मालक रूटच (सर्व्हरचा सर्वाधिकारी युजर) हवा आणि रूटखेरीज कुणालाही, अगदी ग्रुपलाही, तिथं लिहिता येता कामा नये. म्हणजे ७५५: लिहिणं फक्त मालकाला, बाकीच्यांना नुसतं वाचणं आणि आत जाणं. आणि हे त्या एका फोल्डरापुरतं नाही, '/'पासून (सगळ्यात वरच्या फोल्डरापासून) तिथवरच्या वाटेतल्या प्रत्येक फोल्डराला लागू.

या वाटेतल्या फोल्डरानं मला रडवलंय. एका छापखान्याचा सर्व्हर बघायचो. दिवाळी अंकांची घाई, संपादक मंडळी पीडीएफ चढवतायत. एकांचा फोन आला, "अहो, त्या दुसऱ्या अंकाचं मुखपृष्ठ झकास झालंय हो!" माझ्या पोटात गोळा. त्याच संध्याकाळी क्रूट लावलं, होम रूटच्या नावे केलं, ७५५ दिलं, तरी दार बंद. दोन तास गेले. ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींत) 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स फॉर क्रूट डिरेक्टरी कंपोनंट' असं येत होतं आणि त्यातला 'कंपोनंट' मी वाचलाच नव्हता. तो शब्द आला की घोळ वरच्या फोल्डरात. माझं '/डेटा' ७७५ होतं, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येत होतं.

एवढा कडकपणा कशाला? क्रूटनंतर युजरसाठी तेच फोल्डर '/' होतं. तिथं लिहिता आलं तर तो आपलं खोटं 'ईटीसी' (सिस्टिमच्या सेटिंग्जचं फोल्डर) उभं करणार, आणि जास्त अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्रॅम तेच खरं मानून बसणार. व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हरसुद्धा आवृत्ती २.३.५पासून लिहिता येणारं क्रूट दिसलं की '५०० ऊप्स' म्हणून अडून बसतो, तो याच भीतीनं.

मग फाइली ठेवायच्या कुठं? होमच्या आत 'अपलोड' नावाचं फोल्डर करा आणि फक्त तेवढं युजरच्या मालकीचं ठेवा.

चौघांचा एक ग्रुप करा. एसएसएचडी कॉन्फिगच्या (ओपनएसएसएच सर्व्हरच्या सेटिंग फाइलीच्या) अगदी तळाशी 'मॅच ग्रुप' आणि त्या ग्रुपचं नाव; त्याखाली 'क्रूटडिरेक्टरी %एच' (%एच म्हणजे त्या युजरचं होम), 'फोर्सकमांड इंटर्नल-एसएफटीपी' (म्हणजे फक्त एसएफटीपी, दुसरी आज्ञा नाही) आणि 'अलाऊटीसीपीफॉरवर्डिंग नो'. (टाइप अर्थात रोमनमध्येच करायचं.) तळाशी अशासाठी, की पुढचा 'मॅच' येईपर्यंत किंवा फाइल संपेपर्यंत खालचं सगळं त्याच ग्रुपला लागतं. इंटर्नल-एसएफटीपी २००८पासून ओपनएसएसएचमध्येच आहे, त्यामुळं पूर्वीसारख्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी क्रूटच्या आत कॉपी करत बसावं लागत नाही. 'एसएसएचडी -टी' चालवून चुका तपासा, मगच रीस्टार्ट. आणि स्वतःचं एक सेशन उघडं ठेवा, नाहीतर बाहेर तुम्हीच राहाल.

मालकी बदलताना '-आर' (आतल्या सगळ्यालाही लागू करणारा पर्याय) लावू नका. आतलं 'अपलोड'ही रूटचं होतं, ऑथराइज्ड की फाइलही (पासवर्डऐवजी कीने लॉगिन करणाऱ्यांच्या कींची यादी). ती ६०० (फक्त मालकालाच वाचता येणारी) असेल तर कीवाल्यांचं लॉगिनच बंद, आणि तुम्ही पुन्हा क्रूटला दोष देत बसाल.

चौघांना एखादं सामायिक फोल्डर लागलं तर सिमलिंकचा (दुसऱ्या फोल्डराचा पत्ता दाखवणाऱ्या दुव्याचा) उपयोग नाही, क्रूटच्या आतून बाहेरचा पत्ता सापडत नाही. बाइंड माउंट करा, म्हणजे तेच फोल्डर प्रत्येकाच्या क्रूटच्या आतही जोडा, आणि एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याच्या यादीत) नोंदवा.